बरगड्या मोजणारे

हिरकणीवाडीत गाय बारीक दिसली तर लोक समजतात, मे महिना चालू आहे. बैल बारीक दिसला तर मालकाची परिस्थिती समजते आणि तिच्याबद्दल त्याच्या तोंडावर कोणी बोलत नाही. कुत्रा बारीकच असतो. पण घोडा बारीक असला की तो सार्वजनिक विषय होतो. त्याच्या बरगड्या मोजण्याचा हक्क येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आपोआप मिळतो, आणि मोजून झाल्यावर "याला काही खायला घालता की नाही?" असं विचारणं हे कर्तव्यच होऊन बसतं. त्यात आमची वाडी रायगडाच्या पायथ्याशी. वर महाराजांची राजधानी आणि खाली असला घोडा! माणसाच्या भावना दुखावायला आणखी काय लागतं?

घोडा माझ्या पुतण्याचा. पाऊस तोंडावर आला तेव्हा महाबळेश्वरच्या कोणा घोडेवाल्याने चार महिने पोसायला नको म्हणून एक तट्टू स्वस्तात काढलं. पुतण्याने ते टेंपोत चढवलं, आंबेनळी घाटाने पोलादपुरात उतरवलं आणि महाडमार्गे वाडीत आणलं. योजना अशी की पर्यटकाने डोक्याला जिरेटोप घालायचा, हातात पत्र्याची तलवार घ्यायची, घोड्यावर बसायचं, मागे रायगड, आणि फोटोचे शंभर रुपये. योजनेत खोट एकच होती. फोटोत तलवारीच्या आधी बरगड्या दिसायच्या. घोड्याचं नाव तुफान. ते जुन्या मालकाने ठेवलेलं होतं आणि बदलण्याइतका उत्साह आमच्यात नव्हता, तुफानात तर नव्हताच.

रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्याने पहिल्याच सकाळी विचारलं, "काका, घोडा आणलाय का कपडं वाळत घालायचा दांडा?"

आता या वाडीचा भूगोल सांगायला हवा, कारण सगळ्या त्रासाचं मूळ त्यात आहे. 1996 साली इथून गडावर रोपवे सुरू झाला. त्याआधी माणूस पायऱ्या चढून वर जायचा, धापा टाकत खाली यायचा, ताक प्यायचा आणि गप्प घरी जायचा. सल्ला द्यायला त्याच्या अंगात श्वास उरायचा नाही. आता तो पाळण्यात बसून काही मिनिटांत वर जातो, तसाच खाली येतो, आणि वाचलेला सगळा वेळ आणि सगळा श्वास खालच्या रस्त्यावर खर्च करतो. शिवाय राज्याभिषेकाचा सोहळा तारखेने 6 जूनला होतो आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. म्हणजे तुफान येऊन नीट उभा राहतो न राहतो तोच अख्ख्या महाराष्ट्राने त्याची तपासणी केली, आणि एकदा करून समाधान झालं नाही म्हणून दोनदा केली.

भगवा फेटा बांधलेल्या एका तरुणाचे डोळे खरोखर भरून आले. "महाराजांच्या पायथ्याशी घोड्याचे हे हाल?" असं म्हणत त्याने खिशातून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला आणि अर्धा तुफानाला भरवला. त्याच्या मागच्याने उरलेला अर्धा भरवला. त्याच्या मागच्याकडे वेफर्स होते. महाडच्या जिममध्ये जाणारा एक मुलगा दंड चाचपत म्हणाला, "काका, प्रोटीन कमी पडतंय, रोज सहा अंडी चालू करा." आमच्या आळीतल्या आजींनी तुफानाला दुरून पाहिलं, जवळून पाहिलं आणि अळिवाचे लाडू, डिंक आणि खारीक सुचवली. बाळंतिणीचा खुराक हा त्यांच्या मते कुठल्याही हडकुळेपणावर चालतो. हिरकणीच्या गावात बाळंतिणीच्या खुराकाला नाही म्हणायची हिंमत कोण करणार? एकाने दृष्ट काढायला लिंबू-मिरची आणली. बारीक घोड्याला दृष्ट कोणाची लागणार, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आधी जाड होता तेव्हाची असंल."

हॉटेलवाल्याचा सल्ला मात्र रोजचा आणि फुकटचा होता: उरलेला भात आणि वरण. गाय खाते, म्हैस खाते, मग याला काय धाड भरलीय?

इथेच घोडं पेंड खातं. आमच्या गावाला गुरांची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती आहे आणि तीच आम्ही घोड्याला लावतो. गाईला चार कप्प्यांचं पोट असतं. ती घाईघाईने गिळते आणि मग झाडाखाली बसून सावकाश रवंथ करते. घोड्याला ही सोय नाही. त्याचं जठर एकच आणि अंगाच्या मानाने फारच लहान. चांगल्या मोठ्या घोड्याचंसुद्धा दहा-पंधरा लिटरचं. गवत आंबवून त्यातून ताकद काढण्याचं खरं काम पुढे मोठ्या आतड्यात चालतं, तिथल्या जंतूंच्या भरवशावर. भात, दाणा, बिस्किटं असलं पिठूळ खाणं एकदम जास्त पडलं की ते जठरात न मावता पुढे सरकतं, तिथल्या जंतूंचा तोल जातो, आम्ल होतं, आणि घोडा पोटशूळाने जमिनीवर लोळायला लागतो. नाहीतर खुरांच्या आत सूज येते आणि त्याला उभं राहवत नाही. बरं, जास्त झालेलं ओकून टाकावं, तर घोड्याला ओकताच येत नाही. देवाने त्याला परतीची वाट ठेवलेली नाही.

भाताचा हा प्रयोग आमच्या हॉटेलवाल्याच्या आधी पार तेराव्या शतकात झालेला आहे. मार्को पोलो तामिळ किनाऱ्याबद्दल लिहितो, की तिथले राजे दरवर्षी समुद्रापलीकडून हजारो घोडे विकत घेतात आणि वर्षअखेरीला त्यातले थोडेच जिवंत राहतात, कारण त्यांना सांभाळायचे कसे हे कोणाला ठाऊक नाही. खायला काय, तर शिजवलेला भात आणि मांस. दुसऱ्या वर्षी पुन्हा हजारो घोडे. घोडे विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी ही पाककृती बदलावी म्हणून काही खटपट केली असेल असं मला वाटत नाही. आमच्या बाजूच्या ठाण्याच्या राजाचाही उल्लेख त्याच प्रवासवर्णनात आहे. त्याने समुद्रातल्या चाच्यांशी करार केला होता: लुटीतले घोडे मला द्यायचे, बाकीचं तुमचं. घोडा फुकट मिळवण्याची अक्कल कोकण किनाऱ्याला सातशे वर्षांपासून आहे. प्रश्न नेहमी त्याच्या पुढचा राहिला.

श्रीमंतांची तऱ्हा वेगळी. अकबराच्या खास पागेतल्या घोड्यांना दाणा-गवताबरोबर तूप आणि साखरही बांधून दिलेली होती, याचा हिशेब आईन-इ-अकबरीत आहे. मी हे चुकून पुतण्याला वाचून दाखवलं. त्याने तुपाचा भाव विचारला आणि बादशाहीचा विषय तिथेच संपला.

कामाची गोष्ट सांगणारा पहिला माणूस फौजी आंबवड्याकडचा निघाला. निवृत्त जवान, नोकरीत काही वर्षं खेचरांबरोबर काढलेली. तो बरगड्या मोजायला थांबलाच नाही. तुफानाच्या पायापाशी वाकला, जमिनीवरून अर्धवट चावलेल्या गवताचा ओला बोळा उचलला, बोटांनी उकलून पाहिला आणि म्हणाला, "खायला काय द्यायचं ते मागनं बघा. आधी दात बघा याचे."

फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत असं म्हणतात. पण घोडा विकत घेतलेला होता, तरीही ते कोणी मोजले नव्हते.

पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले ते हातात लांब दांड्याची कानस घेऊन. हॉटेलवाल्याला वाटलं, फाटकाची कडी बसवायला कोणी आलंय. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात आणि चावण्याने झिजत राहतात. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांची बाहेरची धार आणि खालच्यांची आतली धार तशीच राहते, सुरीसारखी धारदार होते आणि गालाला, जिभेला कापते. मग घोडा गवत तोंडात घेतो, दोनदा चावतो, दुखतं म्हणून बोळा करून टाकून देतो. समोर गवत भरपूर, घोडा दिवसभर तोंड हलवतोय, मालक खूश, आणि पोटात काही नाही. डॉक्टरांनी त्या धारा कानशीने घासल्या. तो आवाज ऐकून वाडीतल्या तिघांनी आपापल्या दाढेवर हात ठेवला. आवंढा गिळायचा आवाज माझ्याजवळच कुठेतरी आला.

त्यानंतर डॉक्टरांनी लीद मागितली. ताजी हवी, तपासायला. पुतण्याने ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घट्ट झाकण लावून एसटीने महाडला नेली. शेजारच्या बाईंनी डबा पाहून कौतुकाने विचारलं, "घरचं का?" पुतण्या खरं बोलणाऱ्यातला आहे. म्हणाला, "हो, घरचंच." एका ग्रॅममध्ये जंतांची किती अंडी आहेत हे मोजायची पद्धत असते. आकडा ऐकून डॉक्टरांनी नुसती मान हलवली. म्हणजे तुफान जे काही खात होता त्यातलं बरंचसं दुसऱ्याच कुटुंबाच्या उपयोगी पडत होतं. त्या ग्लुकोज बिस्किटांतली शक्ती नेमकी कोणाला मिळाली, हे त्या फेटेवाल्या तरुणाला कळलं असतं तर त्याचे डोळे पुन्हा भरून आले असते.

जंताचं औषध वजनावर द्यायचं असतं. आता घोड्याचं वजन करायचं कसं? भाताच्या गिरणीत काटा आहे, पण त्यावर पोतं उभं राहतं, घोडा राहत नाही. डॉक्टरांनी हिशेब सांगितला: पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानेच गुणायचं, मग लांबीने गुणायचं आणि 11,880 ने भागायचं. गावातल्या शिंप्याची दीडशे सेंटिमीटरची टेप आणली. घेर 145, लांबी 140. उत्तर 248 किलो. शिंप्याने सवयीने विचारलं, "सैल ठेवू का फिटिंगचा?"

बारीक म्हणजे नक्की किती बारीक, याचंही माप आहे. डॉन हेनेकी नावाच्या माणसाने 1983 साली अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात ते बसवलं. मान, मानेमागचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ, या सहा ठिकाणी हात फिरवून चरबी चाचपायची आणि एक ते नऊ गुण द्यायचे. एक म्हणजे सापळा, नऊ म्हणजे लोणी. पाचाला बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला लागतात. तुफानाला अडीच मिळाले. मला हे माप आवडलं ते एवढ्याच कारणासाठी, की त्यात घोड्याला हात लावावा लागतो. रस्त्यावरून मोटारीची काच खाली करून गुण देता येत नाहीत.

आता चंदी. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आम्ही सगळे अंगणात बसलो. अळिवाच्या आजी, जिमवाला, हॉटेलवाला आणि मी. चिठ्ठीत काहीतरी जबरदस्त असेल, निदान एखादं इंजेक्शन तरी, अशी सर्वांची अपेक्षा होती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: गवत. दुसऱ्या ओळीत: पाणी. तिसरीत: मीठ.

जिमवाला उठून गेला.

हिशेब साधा आहे. घोड्याने रोज आपल्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के सुकं खाणं खावं. वजन वाढवायचं तर आजच्या वजनावर नाही, जे व्हायला हवं त्यावर हिशेब धरायचा. तुफानाला 280 किलोवर न्यायचं, म्हणजे रोज सात किलो. त्यातला मोठा वाटा गवताचाच. किलोभर सुकं गवत चावायला घोड्याला पाऊण तास लागतो, तेवढाच दाणा तो दहा मिनिटांत संपवतो. आणि त्याला लाळ सुटते ती चावतानाच. म्हणून गवत जितकं जास्त वेळ चालेल तितकं पोट शांत राहतं. मोकळा घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो. बाकी आयुष्यात त्याला दुसरं काही काम असेल असं निसर्गाने धरलेलंच नाही.

पण गवत कुठलं? आमच्याकडे वरकस जमिनीवर गवत पुरुषभर उंच वाढतं आणि कापतात ते पाऊस संपल्यावर, बी धरून काडी झाल्यावर. भाताचा पेंढा तर नुसता पोट भरायला. उडवीतलं गेल्या साली रचलेलं गवत जूनमध्ये ओल धरतं. बुरशीचा वास आलेली पेंढी गाय नाक मुरडून का होईना खाते, घोड्याला ती बाधते. पावसात हिरवं भरपूर, पण त्यात पाणीच जास्त. दहा किलो ओल्या गवतात सुकं निघतं दोन-अडीच किलो. डॉक्टरांनी लसूणघास लिहिला होता. तो घाटावर पिकतो. वरंध घाट पावसात बंद पडला की आमचा आणि भोरचा संबंध संपतो, आणि लसूणघास हा विषय दिवाळीपर्यंत सैद्धांतिक राहतो.

राहिला दाणा. घाटावर हरभरा, इकडे कुळीथ. दक्षिणेत शेकडो वर्षं घोडे कुळथावर पोसले गेले. आमच्या घरात कुळथावर वहिनींचा जुना हक्क आहे. पावसाळ्यात दुपारी कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बोंबील हा बेत त्या कोणासाठी सोडत नाहीत. कच्चा कुळीथ पचायला जड, म्हणून घोड्यासाठी तो शिजवायचा. तेव्हा एकाच चुलीवर दोन पातेली चढली. अर्धा किलो कुळीथ, दोन वेळा विभागून, हे ऐकल्यावर वहिनी म्हणाल्या, "माझ्या लग्नात मला विचारलं नव्हतं, दिवसातनं किती वेळा विभागून वाढू म्हणून."

गिरणीचा कोंडा फुकट मिळतो, त्यामुळे पुतण्याचा त्याच्यावर फार जीव. त्यात तेल असतं, घोडा अंग धरतो, हे खरंच आहे. पण भाताचा कोंडा दोन दिवसांत खवट होतो. शिवाय त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याचं शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं आणि तोंडाची हाडं फुगतात. फुकटाला मर्यादा घालावी लागली. खायचं तेल मात्र चाललं. दोन चमच्यांपासून सुरुवात, दोन आठवड्यांनी अर्धी वाटी. तेलात पिठाचा धोका नाही आणि ताकद दुप्पट. तुफानाने पहिल्या दिवशी वरचा ओठ असा काही मुडपला की पिशवीवरची तारीख मी पुन्हा तपासली.

सगळ्यात कठीण ओळ शेवटची होती: कुठलाही बदल एकदम करायचा नाही, आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू. यामागे भयंकर कारण आहे. अगदी सापळा झालेल्या घोड्यापुढे दयेपोटी दाण्याचा ढीग ओतला तर तो जगण्याऐवजी चार-पाच दिवसांत मरू शकतो. पिठूळ खाण्याने रक्तातली साखर आणि तिच्या मागे इन्सुलिन उसळतं, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्यं रक्तातून पेशींत ओढली जातात आणि हृदय बंद पडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत उपासमार झालेल्या घोड्यांवर अभ्यास झाला. तिथे सुरुवातीला थोडा-थोडा, पुन्हा पुन्हा दिलेला सुका लसूणघासच उत्तम ठरला. हे मी हॉटेलवाल्याला सविस्तर समजावून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या भातात दोष नाय. टायमिंग चुकलं."

माझं मत असं झालं आहे, की घोडा जाड करायची खरी पद्धत इतकी कंटाळवाणी आहे की तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. सल्ला देणाऱ्याला एक वस्तू सांगायची असते: अंडं, लाडू, पावडर, लिंबू. "याला रोज दिवसभर चांगलं गवत द्या आणि तीन महिन्यांनी बघा" असं म्हणणाऱ्याचा पर्यटनावर काय प्रभाव पडणार?

आणि गंमत ही, की या कंटाळवाण्या विषयावरचं मराठीतलं सर्वांत दमदार लेखन आमच्या डोक्यावरच्या गडाच्या धन्याचं आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या वर्षांतलं, मे महिन्यातलं एक पत्र आहे, चिपळूणजवळ छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं. एकीकडे राज्याची घडी बसते आहे, मोहिमा चालू आहेत, आणि महाराज पत्रात बोलतात ते गवताबद्दल. त्याचा आशय असा: पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण जमा करून ठेवली आहे, ती आत्ताच मन मानेल तशी उधळाल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी दाणा, भाकर, गवत, भाजी ओरबाडायला लागाल आणि लोकांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे तर ते दिव्यापर्यंत येतात. रात्री दिवा तसाच ठेवाल, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि मग कोणाच्या माना मारल्या तरी निवारा बांधायला एक लाकूडही मिळणार नाही.

उंदराने वात नेण्यापर्यंत विचार करणारा माणूस तुफानाच्या बरगड्या पाहून रडला नसता. त्याने आधी पुतण्याला बोलावून उडवी कुठे रचली आहे आणि वर झाप नीट घातले आहेत का, हे विचारलं असतं. सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचं लिहिलं आहे. म्हणजे पाणी आणि खूर. पावसाळ्यात घोडी मुलखात परत आणायची, छावणीत दाणा-वैरणीवर ठेवायची आणि दसऱ्याला बाहेर काढायची, असा वर्षाचा क्रम. पुढे 1760 च्या अखेरीस पानिपतावर अब्दालीने रसद तोडली तेव्हा माणसांबरोबर घोडीही उपाशी राहिली आणि त्याच घोड्यांवर बसून लढाई द्यावी लागली.

पण बॅनर पाहा. बॅनरवरचा घोडा कायम मागच्या दोन पायांवर. मानेची आयाळ वाऱ्यावर, छाती इराणी सरदाराची. वास्तविक दख्खनची ती भीमथडी तट्टं बुटकी, काटक आणि थोडक्यात भागवणारी. चारही पाय जमिनीवर ठेवून खाली मान घालून गवत खाणारा घोडा मी आजवर एकाही बॅनरवर पाहिलेला नाही. पुतण्याला म्हटलं, तू छाप. तो म्हणाला, "काका, त्यावर फोटो कोणाचे टाकायचे?"

पावसाळा असा गेला: सकाळी पाणी, गवत, कुळीथ. दुपारी गवत. संध्याकाळी पाणी, गवत, कुळीथ, तेल. रात्री निजताना आणखी एक पेंढी. पाणी आधी, दाणा मागून, हा त्या आंबवड्याच्या जवानाचा नियम. मिठाचा खडा टांगलेला. मधल्या वेळात घोड्याला फिरवणं, कारण घोडा का अडला आणि भाकरी का करपली याचं उत्तर एकच असल्याचं आम्ही शाळेत शिकलो आहोत. बाहेर आमचा महाडचा पाऊस, छपरावर त्याचा आवाज इतका, की सल्ला द्यायला कोणी आलं तरी ऐकू येत नसे. वजनवाढीतला हा घटक पुस्तकांत दिलेला नाही.

पहिला महिनाभर काही म्हणजे काही दिसलं नाही. पोट तेवढं सुटलं. गवताने पोट आधी भरतं, बरगड्या मागून झाकतात, मधल्या काळात घोडा एकाच वेळी जाडही दिसतो आणि बारीकही. हॉटेलवाल्याने घोडी आहे का, गाभण आहे का, अशी चौकशी केली. मग श्रावण संपताना मानेच्या बाजूचा खड्डा भरला. अंगावरचा केस चमकायला लागला. एके दिवशी तुफानाने फुरफुरून पुतण्याच्या हातातलं घमेलं उडवलं. घरात कोणाला राग आला नाही. वहिनींनी सांडलेला कुळीथ स्वतः भरला.

दसऱ्याला शिंप्याकडून टेप आणली. ती छातीभोवती पुरेना. दीडशेच्या पुढे तीन सेंटिमीटर बोटाने मोजले. 153. गुणाकार, भागाकार, 276 किलो. डॉक्टरांनी सहाही ठिकाणी हात फिरवून पाच गुण दिले, झेंडूची माळ जरा बाजूला सारून कंबर पुन्हा चाचपली आणि म्हणाले, "छान. आता तेल बंद करा, दाणा निम्मा. सहा-सातावर गेला तर खूर धरतील."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. जिमवाला म्हणाला, प्रोटीनचाच परिणाम, कुळथात असतं ना. दृष्ट काढणाऱ्याने लिंबाचे पैसे मागितले. हॉटेलवाला गिऱ्हाइकांना सांगतो, की जून महिन्यात आपल्याच वरणभाताने घोड्याने जीव धरला. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक आले, फोटो सुरू झाले, पुतण्याच्या हातात पैसा खेळू लागला. आणि चौथ्या दिवशी पुण्याच्या एका बाईंनी मोटारीची काच खाली करून तुफानाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती सुटलाय हो हा! नुसता बसवून खायला घालता वाटतं?"

मी आत गेलो. बाहेर अळिवाच्या आजींचा आवाज ऐकू येत होता. त्या पुतण्याला समजावत होत्या, सकाळी अनशापोटी जिऱ्याचं पाणी, कोमट, लिंबू पिळून.